नौदलाचं उड्डाण प्रशिक्षण: ग्रेड, एनएसएस आणि एका छपराखालचे चार स्पर्धक

शमी_ह्यूस्टन

पुतण्या अमेरिकी नौदलात एन्साइन (सगळ्यात कनिष्ठ अधिकारी) आहे. पेन्सकोलाचा 'नाइफ' (उड्डाणाची सुरुवातीची चाचणी) संपवून आता कॉर्पस क्रिस्टीला प्रायमरीसाठी आलाय, म्हणजे पहिला टप्पा, ज्याच्या शेवटी जेट की हेलिकॉप्टर ते ठरतं. ग्राउंड स्कूल उरकलं, टी-६बी या प्रशिक्षण विमानावरची कॉन्टॅक्टची (बाहेर बघून करायची मूलभूत) उड्डाणं या महिन्यात सुरू होतील. त्याला जेट हवंय. घर चौघांत भाड्याने घेतलंय, चौघंही पुढेमागे एकाच वेळी शिकणारे, आणि चौघांनाही जेटच हवं. जेवताना विषय एकच: कोणाचा एनएसएस (नेव्ही स्टँडर्ड स्कोअर, सगळ्या ग्रेडचा मिळून आकडा) किती होणार.

प्रश्न असे:

१. एनएसएस नेमका मोजतात कसा? ४५ आला म्हणजे नापास का?
२. नोट्स घरातल्यांना द्याव्यात की झाकून ठेवाव्यात? (हसू नका, खरंच विचारलंय त्याने.)
३. हात आखडून ग्रेड देणारा इन्स्ट्रक्टर वाट्याला आला तर काय करायचं?
४. एक अनसॅट (असमाधानकारक शेरा) पडला की जेट गेलं, हे खरं?

मराठी नीट वाचतो तो. उत्तरं जशीच्या तशी पुढे पाठवणार आहे, तेव्हा त्यालाच सांगताय असं समजून लिहा.

---

मागची_सीट

शमीताई, चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण झोप त्यानेच उडते. एक अनसॅट म्हणजे घरी पाठवणी नव्हे. कुठे अडलं ते बघून जादा सराव मिळतो आणि उड्डाण पुन्हा होतं. अनसॅट साठत गेले तर इनिशियल प्रोग्रेस चेक, त्यातही जमलं नाही तर फायनल प्रोग्रेस चेक. तो वरिष्ठ घेतात आणि मग पोरगा राहतो की जातो ते ठरतं. जेटच्या यादीत अनसॅट बघतात का? बघतात. पण पहिल्या ब्लॉकमधला एक अनसॅट आणि त्यानंतर सरळ चढत गेलेली ग्रेडशीट ही वाईट फाइल नाही. वाईट फाइल कोणती, तर ज्यात तीच टिप्पणी पाच वेगवेगळ्या इन्स्ट्रक्टरांनी पाच वेळा लिहिली आहे.

अनसॅटमधला सगळ्यात फुकटचा प्रकार म्हणजे रेडी रूम अनसॅट. विमानाला हातही लागलेला नसतो. ब्रीफिंगच्या टेबलावर आणीबाणीची कार्यपद्धती विचारली आणि एक पायरी गळली, किंवा त्या उड्डाणासाठी नेमून दिलेले चर्चेचे मुद्दे आले नाहीत, की दिवस संपला. पाठ करायच्या पायऱ्या शब्दशः पाठ हव्यात, 'साधारण असं असतं' चालत नाही. रोज रात्री कोऱ्या कागदावर हाताने लिहून काढायच्या आणि पुस्तकाशी ताडून बघायच्या. तोंडाने म्हणताना जीभ चूक झाकते, कागदावर ती दिसते.

आता ग्रेड. अख्ख्या उड्डाणाला एकच ग्रेड मिळतो असं त्याला वाटत असेल तर ते डोक्यातून काढ म्हणावं. टेकऑफ, स्टॉल, लँडिंग पॅटर्न, रेडिओ, आणीबाणी हाताळणं, प्रत्येकाला वेगळा आकडा, १ ते ५. १ म्हणजे इन्स्ट्रक्टरने करून दाखवलं, ग्रेड नाही. २ म्हणजे जमलं नाही. ३ म्हणजे सुरक्षित आहे, पण चूक कळायला आणि सुधारायला उशीर लागतो. ४ म्हणजे चूक होते, पण स्वतः ओळखतो आणि वेळेत सुधारतो. ५ म्हणजे चूक शोधावी लागते.

३ आणि ४ मधलं अंतर पोरांना कळत नाही म्हणून एक प्रसंग बघू. डाउनविंड लेग (उतरण्याआधी धावपट्टीला समांतर, उलट दिशेने उडायचा भाग), चाकं खाली, वेग १२० नॉट, टॉर्क (इंजिनची ताकद) साधारण ३१ टक्के. वळण संपलं, पोराची नजर धावपट्टीवर खिळली, नाक जरासं वर राहिलं. उंची ८० फुटांनी वाढली, वेग ११४ वर आला. मागच्या सीटवरून 'उंची' एवढा एकच शब्द आला आणि मग त्याने नाक दाबलं: ३. तेच त्याने स्वतःहून '८० वर, ६ कमी, नाक खाली घेतोय' म्हटलं आणि ट्रिम करून (स्टिक धरून न ठेवता विमान तसंच राहील असं बसवून) मोकळा झाला: ४. विमान दोन्ही वेळा तेवढंच भरकटलं होतं. ग्रेड मिळतो तो चूक आधी कोणाला दिसली त्याला. म्हणून बोलत उडायचं. मनातल्या मनात केलेली दुरुस्ती मागे बसलेल्याला दिसत नाही.

आणि भरकटतं ते बहुतेक वेळा ट्रिम न केल्यामुळे. पुढे ११०० अश्वशक्तीचं टर्बोप्रॉप आहे. टॉर्क हलला की नाक बाजूला पळतं, बॉल (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारी गोळी) मधोमध राहत नाही. विमानातली स्वयंचलित ट्रिमची मदत सगळं सावरत नाही, पाय जागे लागतात. क्रम तोच ठेवायचा: पॉवर, नाकाची स्थिती, ट्रिम. स्टिक मुठीत आवळून धरलेल्या पोराला ट्रिम बिघडलाय हे कळतच नाही, कारण त्याचा दंडच ट्रिमचं काम करत असतो. दोन बोटांनी धर म्हणावं.

---

सरासरी_पन्नास

एनएसएसचं गणित मी घेतो.

एनएसएस ही प्रमाणित केलेली संख्या आहे. सरासरी ५०, प्रमाण विचलन १०. तुमची कच्ची बेरीज अलीकडच्या काळात तोच टप्पा पार केलेल्या मोठ्या गटाशी ताडून ही संख्या काढतात. आकडे घंटेच्या आकारात पसरलेत असं धरलं तर ६० म्हणजे शंभरात साधारण ८४ जण तुमच्या मागे, ४० म्हणजे १६ मागे, ६५ म्हणजे ९३ मागे.

म्हणजे ४५ नापास नाही. व्याख्येनेच निम्मे लोक ५० च्या खाली असणार. तो आकडा पास-नापास सांगतच नाही. ते काम एमआयएफ (प्रत्येक आयटमच्या किमान ग्रेडची यादी) करतो. एखाद्या ब्लॉकच्या शेवटी कुठल्या आयटमला किमान किती ग्रेड हवा हे अभ्यासक्रमात छापलेलं असतं, आणि पुढच्या ब्लॉकमध्ये ती अपेक्षा वाढत जाते. एमआयएफ गाठला की तुम्ही पुढे जाता. एमआयएफच्या वर जे कमावलं त्यातून एनएसएस वर सरकतो.

यातून पुतण्याने स्वतःच काढायला हवी होती अशी गोष्ट: ताडणी मोठ्या गटाशी आहे, घरातल्या तिघांशी नाही. रूममेटचा स्टॉल ३ वरून ४ वर गेला तर पुतण्याच्या आकड्याला धक्काही लागत नाही. त्या गटातले बहुतेक जण कधीच पुढच्या टप्प्यावर गेलेले असतात.

हो, निवडीच्या वेळी मात्र एकाच सुमारास संपवणारे लोक आणि त्या वेळी उपलब्ध जागा यांचा मेळ घालतात. तिथे रूममेट समोर येऊ शकतो. पण जेटच्या किती, हेलिकॉप्टरच्या किती, पी-८ किंवा ई-६ या मोठ्या विमानांच्या किती, हे नौदलाच्या गरजेवर ठरतं. जेटला एक किमान आकडा लागतो, आणि तो गाठूनही त्या आठवड्यात जागा नसेल तर नसते. ज्याच्यावर ताबा नाही त्याचं गणित जेवताना मांडून काय मिळणार?

व्यवहाराची गोष्ट: एनएसएस फ्रिजवर चिकटवू नका, आणि दर उड्डाणानंतर कॅल्क्युलेटर काढू नका. एखादं उड्डाण बेरजेत फार हलवत नाही. आयटमनिहाय बघा. कुठला आयटम सलग दोन उड्डाणांत जागचा हलला नाही, तो उद्याचा अभ्यास.

---

शमी_ह्यूस्टन

दोघांचेही आभार. ८० फुटांचं उदाहरण वाचून त्याने लगेच फोन केला. उलट प्रश्न आलाय: 'ग्राउंडवर बसून ४ कसा कमवायचा?' चेअर फ्लाइंग (खुर्चीत बसून उड्डाणाची रंगीत तालीम) करतो म्हणे, पण वीस मिनिटांत कंटाळतो. नोट्सचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

---

हाय_की

वीस मिनिटांत कंटाळतो, कारण खुर्चीत बसून तो आठवतोय, उडवत नाहीये. चेअर फ्लाइंग खऱ्या वेळेत करायचं, हात हलवत, मोठ्याने.

पीईएल घेऊ, म्हणजे इंजिन कुरकुरू लागलं की ते कधीही बंद पडेल असं धरून घरंगळत धावपट्टीवर उतरणं. चाकं-फ्लॅप वर असताना सर्वोत्तम ग्लाइडचा वेग १२५ नॉट, आणि ढोबळ हिशोब असा की दोन सागरी मैलांना हजार फूट खर्च होतात. हाय की, म्हणजे धावपट्टीच्या डोक्यावरचा पहिला ठरलेला बिंदू, जमिनीपासून ३००० फुटांवर; तिथून वळत उतरताना पुढचे बिंदू लो की आणि बेस की. म्हणजे मैदान ६ मैलांवर असेल तर सहाचे निम्मे तीन, अधिक तीन: किमान ६००० फूट हवेत, तर हाय की मिळणार. हे गणित खुर्चीत नुसतं म्हणून भागत नाही. मित्राने अंतर आणि उंची फेकायची, याने तीन सेकंदांत 'पोचतो' किंवा 'नाही पोचत' म्हणायचं.

हाय कीला चाकं खाली, १२० नॉट. लो की १५०० फूट, १२० नॉट. बेस की ६०० ते ८००, तरी १२०. फायनलला ११०. हाय कीपासून जमिनीपर्यंत साधारण दोन मिनिटं. घड्याळ लावून ही दोन मिनिटं दोन मिनिटांतच करायची: हात गिअरच्या दांड्यावर, तोंडाने रेडिओ कॉल, डोळे खिडकीतून धावपट्टीवर, परत वेगावर. स्टिक म्हणून पोरं संडासाचा रबरी पंप वापरतात, तो दुकानातून नवाच आणावा ही विनंती. गॅरेजमध्ये खडूने धावपट्टी काढून चारही बिंदूंवर कागद ठेवले आणि चालत चालत केलं तर अजून बरं, कारण वारा कुठून येतोय आणि वळण कधी आवळायचं हे पायांना कळतं.

नेहमीची गफलत हाय कीवरच होते. चाकं खाली आली की अवरोध वाढतो, म्हणजे नाक अजून खाली जायला हवं. पोरगा गिअर टाकतो, तीन हिरवे दिवे बघत बसतो, वेग ११० वर येतो. तो परत मिळवायला नाक खुपसतो आणि लो कीला १५०० ऐवजी १२०० वर पोचतो. मग पुढचं सगळं पळापळीचं. उपाय एकच, गिअरचा दांडा आणि नाक एकाच हालचालीत. लो कीला कमी असाल तर वळण आवळून आत या, ग्लाइड ताणायला जाऊ नका. नाक वर करून कोणी लांब गेलेलं नाही.

सरावात इंजिन खरं बंद नसतं, ४ ते ६ टक्के टॉर्क ठेवून ते बंद असल्यासारखं उडवतात. त्यामुळे वेव्ह-ऑफचाही (न उतरता परत वर जाण्याचा) सराव खुर्चीत करा: पॉवर सावकाश पुढे आणि उजवा पाय. पाय विसरला की चांगल्या पीईएलच्या शेवटी विमान डावीकडे घसरतं आणि लक्षात राहतं तेवढंच.

स्टॉलमधून बाहेर येण्याचा मंत्र तर चालता-बोलता म्हणायचा: रिलॅक्स, मॅक्स, लेव्हल, बॉल. स्टिकचा ताण सोडा, पूर्ण पॉवर, पंख समतल, बॉल मध्यावर. क्रम बदलला की ग्रेड पडतो. नाक वर असतानाच पॉवर कोंबली तर टॉर्क पंख खाली खेचतो आणि पोरगा आधी पंख सावरायला जातो.

---

कडू_कारलं

नोट्सबद्दल मी बोलतो, थोडं कडवट वाटेल.

द्या. सगळ्या द्या. वर गणित मांडलंच आहे, झाकून ठेवून एनएसएस वाढत नाही. शिवाय आपल्या पोराच्या नोट्स चुकीच्या असतील तर ते तिसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय कळणार कसं? आणि फॉर्मेशनला (जवळजवळ उडण्याच्या सरावाला) शेजारच्या विमानात हाच रूममेट असेल. त्याने काल काय लपवलं हे आठवत पंखाला पंख लावून उडायचंय का?

पण 'ग्रुप स्टडी' नावाच्या रोज संध्याकाळच्या तीन तासांच्या गप्पांच्या मी विरुद्ध आहे. त्यातला सव्वा तास 'अमुक इन्स्ट्रक्टर सांताक्लॉज, तमुक कसाई' यात जातो. आधी एकट्याने पाठ करा, मग चाळीस मिनिटं एकमेकांना उलटसुलट विचारा, उठा. ज्याचं उड्डाण आज झालं त्याने एवढंच सांगायचं: सरावाच्या मैदानावर गर्दी किती होती, वारा कसा होता, रेडिओवर काय ऐकू आलं नाही, कुठल्या चर्चेच्या मुद्द्यावर खोदून विचारलं. उद्या पाळी उलटते.

एक रेष मात्र जाड ठेवा. उड्डाणाची माहिती वाटणं चालतं. लेखी परीक्षेचे प्रश्न वाटणं ही फसवणूक, आणि त्यात ग्रेड नाही, कमिशन (अधिकारीपद) जातं. जुन्या नोट्सच्या फाइली फिरतात त्यात काय काय भरलंय ते बघून घ्या. आणि त्या फाइलींवर आंधळा विश्वास नको, पुस्तकाची आवृत्ती बदलली की त्यातल्या मर्यादा शिळ्या होतात. मर्यादा नेहमी चालू पुस्तकातून.

---

मागची_सीट

@कडू_कारलं, सांताक्लॉज-कसाई गप्पांबद्दल सहमत, पण शमीताईंचा तिसरा प्रश्न तोच आहे, तेव्हा टाळता येणार नाही.

हात आखडणारे इन्स्ट्रक्टर असतात. पण वेळापत्रक लिहिणारा दुसराच असतो, आणि प्रायमरी संपेपर्यंत इतके वेगवेगळे लोक मागे बसतात की कडक आणि सढळ बऱ्यापैकी एकमेकांना कापतात. कॉन्टॅक्टमध्ये ऑन-विंग इन्स्ट्रक्टर असतो, तोच तो पुन्हा पुन्हा. तो कडक निघाला तर पोरगा नशीब काढून आलाय, फक्त ते त्याला चेक राइडला (परीक्षेच्या उड्डाणाला) कळेल.

इन्स्ट्रक्टर बदलून मागायचाच असेल तर त्याचा रस्ता आहे, पण कारण 'ग्रेड कमी देतो' हे नसावं. शिकवलेलं डोक्यात जातच नाही, कॉकपिटमध्ये संवाद बंद पडलाय, हे कारण होऊ शकतं. ते सरळ वरच्या अधिकाऱ्याला सांगायचं, कॉरिडॉरमध्ये नाही.

डीब्रीफला वाद घालू नये, प्रश्न विचारावा. 'मला ३ का?' हा वाद. 'हे ४ व्हायला मी काय वेगळं करायला हवं होतं?' हा प्रश्न, आणि याला उत्तर मिळतं. उत्तर तिथल्या तिथे वहीत. पुढच्या ब्रीफिंगच्या सुरुवातीला ती वही उघडून 'मागच्या वेळी हे राहिलं, आज असं करणार आहे' म्हणायचं. पुढच्या इन्स्ट्रक्टरने जुनी ग्रेडशीट वाचलेलीच असते. त्याला आकड्यांपेक्षा खालच्या ओळींत रस असतो.

उड्डाणातली चूक उड्डाणात सोडून द्यायची. खराब लँडिंगवर चरफडत पुढच्या डाउनविंडला आला की गिअरची चेकलिस्ट अर्धी राहते. एका ३ पायी तीन आयटम गेलेले ग्रेडशीटवर सहज ओळखू येतात.

स्पर्धेपायी आजार लपवायचा नाही, हेही सांगा. सुरुवातीला विमान लागणं सर्रास आहे. पिशवी खिशात ठेवायची, आणि थांबत नसेल तर फ्लाइट सर्जनकडे जायचं. त्यासाठी पायरीपायरीने सवय लावण्याची सोय आहे. मेडिकलमधली गोळी परस्पर घेऊन उडणं हा वेगळाच गुन्हा. सर्दीत कान दाबलेले असताना तर उडायचंच नाही. उड्डाणं बरेच दिवस चुकली तर वॉर्म-अप उड्डाणाची तरतूद असते, ती लागू होते का हे आपणच विचारायचं, वेळापत्रकवाल्याच्या लक्षात राहीलच असं नाही.

---

दाबोळीकर

थोडं विषयांतर. आपल्याकडे दुंडीगलला हवाई दलाच्या अकादमीत पिलाटस या प्रशिक्षण विमानानंतर फायटर, ट्रान्सपोर्ट, हेलिकॉप्टर अशी वाटणी होते, तेव्हाही घालमेल हीच. खडकवासल्याला एनडीएत तीन वर्षं एका स्क्वाड्रनमध्ये काढलेले मित्र त्या एका यादीसमोर उभे असतात. आणि आपल्या नौदलाचे वैमानिकही पूर्वी टी-४५ या प्रशिक्षण जेटवर शिकायला अमेरिकेत गेलेत, पुढे मिग-२९के साठी. पुतण्याला जेट मिळालं तर तेच टी-४५, किंग्जव्हिल किंवा मेरिडियनला.

त्याला एक विचारा: हेलिकॉप्टर मिळालं तर तो ते काय मानणार? जेट सोडून सगळं हार समजणारा पोरगा यादी लागली की महिनाभर पुस्तक उघडत नाही आणि पुढच्या टप्प्याची सुरुवातच गाळात होते. पसंतीच्या यादीत दुसरं आणि तिसरं नावही विचार करून लिहावं, हेलिकॉप्टर आणि पी-८ चं काम, तैनाती, जहाजावरचा काळ समजून घेऊन.

---

शमी_ह्यूस्टन

दुसऱ्या-तिसऱ्या नावाचं विचारलं, गप्प बसला. म्हणजे विचार केलेला नव्हता.

शेवटचं: चौघांपैकी एकाने सांगितलंय की उड्डाणात छोटी मर्यादा ओलांडली गेली आणि मागे बसलेल्या इन्स्ट्रक्टरच्या लक्षात आलं नाही, तर बोलायचं नाही, ग्रेड जातो. हे कानावर आल्यापासून मलाच झोप नाही.

---

हाय_की

त्या मुलाला वेळीच थांबवा. टी-६ ला चाकं आणि फ्लॅप १५० नॉटच्या वर टाकायचे नाहीत. समजा १६० ला टाकले. लगेच बोलायचं: '१६० ला फ्लॅप टाकलेत.' मग इन्स्ट्रक्टर विमान परत आणायचं का ठरवतो आणि उतरल्यावर मेकॅनिक तपासतात. त्या आयटमला २ पडेल, कदाचित अनसॅट. नाही बोललात तर तेच फ्लॅप दुपारी दुसरं कोणीतरी टाकतं, कदाचित पहिल्यांदा सोलो जाणारा. आणि विमानातली नोंद यंत्रणा वेग लिहून ठेवते, म्हणजे आज ना उद्या ते सापडतं, आणि तेव्हा प्रश्न फ्लॅपचा राहत नाही.

---

मागची_सीट

जी (वळताना, खेचताना विमानावर येणारा भार) साठीही तेच. अधिक ७, उणे ३.५. एरोबॅटिक्समध्ये ओलांडलं असं नुसतं वाटलं तरी सांगायचं, मीटर उतरल्यावर बघता येतो.

---

शमी_ह्यूस्टन

पाठवलं. रबरी पंप नवा आणलाय म्हणे, चौघांत एक.